जनरेटरचा ‘अर्थ फॉल्ट’ म्हणजे नेमकं काय? थर्मलपासून साखर कारखान्यापर्यंत, समजून घ्या सविस्तर

परळी : थर्मलचा संच बंद पडला की चौकात पहिला प्रश्न येतो, कोळसा संपला का पाणी? २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद पडलेलं आपण पाहिलंय, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. पण कोळसा आहे, पाणी आहे, टर्बाइन ठणठणीत आहे आणि तरी एका रिलेने संच बंद केला, असंही होतं. बातमीत मग एवढीच ओळ येते, ‘तांत्रिक बिघाडामुळे संच बंद’.

या बिघाडांपैकी एक महत्त्वाचा म्हणजे जनरेटरचा अर्थ फॉल्ट. आयटीआय किंवा डिप्लोमा करून थर्मलमध्ये, साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात लागलेली आपल्या तालुक्यातली बरीच पोरं या यंत्रांजवळ रोज काम करतात. त्यांच्यासाठी आणि ‘एवढ्याशा फॉल्टसाठी संच का बंद केला’ असं विचारणाऱ्या प्रत्येकासाठी ही माहिती.

अर्थ फॉल्ट म्हणजे काय?

शेतातल्या मोटारीचं उदाहरण घ्या. आतल्या वायंडिंगचं इन्सुलेशन खराब झालं की तांब्याची तार लोखंडी बॉडीला चिकटते आणि मोटारीला ‘करंट उतरतो’. हाच अर्थ फॉल्ट. जनरेटरमध्येही तेच घडतं, फक्त आकडे मोठे असतात.

परळीतले सध्याचे तीन संच प्रत्येकी २५० मेगावॅटचे आहेत. एवढ्या आकाराचा जनरेटर साधारण १६.५ केव्हीला, म्हणजे १६,५०० व्होल्टला वीज तयार करतो आणि पूर्ण लोडवर दहा हजार अँपिअरच्या आसपास करंट देतो. स्थिर भागाला स्टेटर म्हणतात. स्टेटरचा कोअर हा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पोलादी पत्रे एकावर एक दाबून केलेला असतो आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो. या कोअरच्या खाचांमध्ये तांब्याचे बार बसवलेले असतात. बारवरचं इन्सुलेशन फुटलं की बार आणि कोअर यांच्यात ठिणगी पडते. कोअर जमिनीला जोडलेला असतो, म्हणून हा अर्थ फॉल्ट.

मोठ्या संचात बहुतेक फॉल्ट याच प्रकारे सुरू होतात. त्याचं कारण रचनेत आहे. जनरेटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाणारा प्रत्येक फेज वेगळ्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यातून, म्हणजे बस डक्टमधून जातो. तिथे दोन फेज एकमेकांना सहसा भिडू शकत नाहीत. फुटलं तर आधी जमिनीकडेच फुटतं.

पहिला फॉल्ट आणि दुसरा फॉल्ट

हा विषय समजून घ्यायचा तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोठ्या जनरेटरमध्ये पहिल्या अर्थ फॉल्टचा करंट मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तो एकटा असेपर्यंत नुकसान थोडं होतं. खरा घात दुसऱ्या फॉल्टने होतो.

एका फेजला अर्थ फॉल्ट झाला की उरलेल्या दोन फेजवरचा जमिनीच्या तुलनेतला दाब १.७३ पट होतो. १६.५ केव्हीच्या यंत्रात हा दाब एरवी ९.५ केव्ही असतो, तो थेट १६.५ केव्हीवर जातो. यंत्र जुनं असेल, इन्सुलेशन आधीच थकलेलं असेल, तर दुसऱ्या फेजचं इन्सुलेशनही फुटू शकतं. मग कोअरमधून फेज-टू-फेज शॉर्ट होतो आणि हजारो अँपिअर वाहतात. पत्रे वितळून एकमेकांना चिकटतात, बार जळतात.

मोटार जळाली तर रिवायंडिंगवाला एक-दोन दिवसांत भरून देतो. २५० मेगावॅटच्या जनरेटरचा कोअर वितळला तर आधी आतला अवाढव्य रोटर बाहेर काढावा लागतो, खराब पत्रे बदलावे लागतात, नवे बार मागवावे लागतात. यात आठवडे जातात, कधी कित्येक महिने. २५० मेगावॅटचा संच पूर्ण लोडवर दिवसाला ६० लाख युनिट वीज देतो. म्हणजे संच महिनाभर बंद राहिला तर १८ कोटी युनिट गेले. म्हणून पहिला फॉल्ट छोटा ठेवणं आणि तो वेळेत पकडणं, यासाठीच ही सगळी संरक्षण व्यवस्था असते.

न्यूट्रल थेट जमिनीला का जोडत नाहीत?

गावातल्या डीपीचा न्यूट्रल थेट अर्थ केलेला असतो. जनरेटरचा न्यूट्रल तसा केला तर अर्थ फॉल्टला हजारो अँपिअर करंट वाहील आणि पहिल्याच फॉल्टला कोअर वितळेल.

मग न्यूट्रल मोकळाच सोडला तर? तेही धोक्याचं. वायंडिंग, बस डक्ट आणि ट्रान्सफॉर्मर यांचं मिळून जमिनीशी एक कपॅसिटन्स तयार होतं. फॉल्टची ठिणगी विझते आणि पुन्हा पडते, असं सारखं झालं की त्यात चार्ज साठत जातो आणि व्होल्टेज नेहमीच्या कितीतरी पट चढतं. चांगलं इन्सुलेशनही त्यात फुटतं.

म्हणून मधला मार्ग काढलेला आहे. न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये एक छोटा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्याला एनजीटी म्हणतात. त्याच्या सेकंडरीला एक रेझिस्टर जोडलेला असतो. करंट साधारण ५ ते १५ अँपिअरच्या आत राहील आणि व्होल्टेजही चढणार नाही, अशा हिशोबाने हा रेझिस्टर निवडतात.

समजण्यासाठी एक हिशोब करू. १६.५ केव्हीच्या जनरेटरचा फेज व्होल्टेज ९,५२६ व्होल्ट. एनजीटीचं प्रमाण ४० ला १ धरा आणि सेकंडरीचा रेझिस्टर ०.६ ओहम. प्रायमरीकडून हाच रेझिस्टर ४० गुणिले ४० पट, म्हणजे ९६० ओहमचा दिसतो. वायंडिंगच्या टोकाला पूर्ण फॉल्ट झाला तर ९,५२६ भागिले ९६०, म्हणजे सुमारे १० अँपिअर करंट वाहतो. सेकंडरीला तेव्हा सुमारे २३८ व्होल्ट येतात आणि रेझिस्टरमध्ये जवळजवळ ९५ किलोवॅट उष्णता तयार होते. म्हणून हा रेझिस्टर ठरावीक वेळ एवढी उष्णता सोसेल असाच घ्यावा लागतो.

यात जनरेटर ट्रान्सफॉर्मरचीही मदत होते. त्याची जनरेटरकडची बाजू डेल्टा असते. त्यामुळे बाहेर ग्रिडवर अर्थ फॉल्ट झाला तरी त्याचा अर्थ करंट जनरेटरपर्यंत येत नाही. जनरेटर आपल्या छोट्या हद्दीत वेगळा राहतो.

मोठ्या रिलेला हा फॉल्ट का दिसत नाही?

जनरेटरला डिफरन्शियल रिले असतोच. वायंडिंगमध्ये शिरणारा आणि बाहेर पडणारा करंट तो ताडून बघतो. पण जिथे दहा हजार अँपिअर वाहतात तिथे दहा अँपिअरचा फरक म्हणजे हजारात एक. तेवढा बारीक फरक डिफरन्शियल रिले धरत नाही. फेज-टू-फेज फॉल्ट पकडायला तो उत्तम, अर्थ फॉल्टला मात्र उपयोगाचा नाही.

घरचं उदाहरण बघा. ओल्या भिंतीतून करंट गळत असला तरी फ्यूज जात नाही, कारण गळती फार थोडी असते. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी मात्र लगेच पडतो. जनरेटरलाही असा वेगळा, फक्त गळतीवर लक्ष ठेवणारा पहारेकरी लागतो.

९५ टक्क्यांचं संरक्षण

हा पहारेकरी म्हणजे एनजीटीच्या सेकंडरीला जोडलेला व्होल्टेज रिले. ड्रॉइंगवर त्याला ५९एन किंवा ६४जी असं लिहिलेलं असतं. यंत्र निरोगी असेल तर न्यूट्रलवर ५० हर्ट्झचा व्होल्टेज जवळजवळ शून्य असतो. फॉल्ट झाला की तो वाढतो.

किती वाढतो, ते फॉल्टच्या जागेवर ठरतं. वायंडिंगच्या टोकाला फॉल्ट असेल तर आपल्या हिशोबात पूर्ण २३८ व्होल्ट. मधोमध असेल तर निम्मे. न्यूट्रलपासून ५ टक्के अंतरावर असेल तर फक्त १२ व्होल्ट, आणि फॉल्टचा करंट अर्धा अँपिअर.

रिले फार संवेदनशील ठेवला तर तो उगाच पडतो. तिन्ही फेजमध्ये निसर्गतः थोडा असमतोल असतोच, शिवाय ग्रिडवरच्या फॉल्टचा थोडा परिणाम ट्रान्सफॉर्मरच्या कपॅसिटन्समधून न्यूट्रलपर्यंत पोहोचतो. म्हणून सेटिंग साधारण ५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि थोडा वेळही देतात. यातून वायंडिंगचा ९५ टक्के भाग सुरक्षित होतो. न्यूट्रलजवळचे ५ टक्के मात्र या रिलेला दिसत नाहीत.

उरलेल्या ५ टक्क्यांचं काय?

न्यूट्रलजवळ व्होल्टेज कमी, मग तिथे फॉल्ट कशाला होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण बार सैल होऊन घासणं, पाणी किंवा तेल शिरणं, एखादा धातूचा तुकडा आत राहणं, या गोष्टी व्होल्टेज बघून होत नाहीत. आणि तिथला फॉल्ट न दिसता तसाच राहिला तर? पुढे वायंडिंगच्या दुसऱ्या टोकाला फॉल्ट झाला की करंट एनजीटीच्या रेझिस्टरला वळसा घालून थेट कोअरमधून वाहील. म्हणजे करंट कमी ठेवण्यासाठी केलेली सगळी सोय बाजूलाच राहिली.

म्हणून मोठ्या संचांना १०० टक्के संरक्षण देतात. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत थर्ड हार्मोनिकची. जनरेटर ५० हर्ट्झबरोबरच थोडा १५० हर्ट्झचा व्होल्टेजही तयार करतो. हा व्होल्टेज निरोगी यंत्रात न्यूट्रलवर थोडा आणि टोकाला थोडा असा वाटला जातो. न्यूट्रलजवळ फॉल्ट झाला की न्यूट्रलवरचा १५० हर्ट्झचा व्होल्टेज जवळजवळ नाहीसा होतो आणि २७टीएन हा रिले ते ओळखतो. खर्च कमी, पण एक अडचण आहे. हा व्होल्टेज लोडप्रमाणे बदलतो आणि प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. म्हणून संच वेगवेगळ्या लोडवर चालवून प्रत्यक्ष मोजमाप घेऊनच सेटिंग करावी लागते. शिवाय संच बंद असताना ही पद्धत आंधळी असते.

दुसरी पद्धत इंजेक्शनची. बाहेरून २० हर्ट्झचा छोटा व्होल्टेज न्यूट्रलवर सोडतात आणि किती करंट परत येतो ते रिले मोजत राहतो. इन्सुलेशन ढासळलं की करंट वाढतो. संच उभा असो, बॅरिंग गिअरवर हळू फिरत असो की पूर्ण लोडवर, ही पद्धत सगळीकडे काम करते. म्हणजे संच सुरू करायच्या आधीच फॉल्ट कळतो. यंत्रणा महाग आहे, पण मोठ्या संचांना आता सर्रास बसवतात.

ट्रिप झालं म्हणजे लगेच थांबलं असं नाही

रिले पडला की जनरेटरचा ब्रेकर, फील्ड ब्रेकर आणि टर्बाइन हे तिन्ही ट्रिप होतात. तरी फॉल्टचा करंट त्याच क्षणी थांबत नाही. रोटर फिरतच असतो आणि त्याचं चुंबकत्व ओसरायला काही सेकंद लागतात. तोपर्यंत जनरेटर स्वतःच स्वतःच्या फॉल्टला वीज पुरवतो. ब्रेकर कितीही जलद उघडला तरी हे काही सेकंद टळत नाहीत. पहिल्या फॉल्टचा करंट दहा-पंधरा अँपिअरच्या आत ठेवण्यामागे हेही मोठं कारण आहे.

रोटरचा अर्थ फॉल्ट

३,००० आरपीएमने फिरणाऱ्या रोटरवरही वायंडिंग असतं. त्याला काही शे व्होल्ट डीसी दिलेला असतो आणि ते मुद्दाम जमिनीपासून वेगळं ठेवलेलं असतं. त्यामुळे तिथे पहिला अर्थ फॉल्ट झाला तरी करंटला परत जायला रस्ता नसतो आणि संच चालू राहतो.

दुसरा फॉल्ट झाला की मधले वेढे शॉर्ट होतात. रोटरच्या एका बाजूचं चुंबकत्व कमी होतं, ओढ असमान होते आणि कंपनं वाढतात. बेअरिंग आणि शाफ्टचं नुकसान होऊ शकतं. म्हणून या रिलेला सहसा दोन टप्पे असतात, आधी अलार्म आणि मग ट्रिप. अलार्म आल्यावर लवकरात लवकर संच नियोजन करून थांबवायचा असतो. काही ठिकाणी पहिल्याच टप्प्यावर ट्रिप ठेवतात. स्लिप रिंगजवळ साठलेली कार्बनची भुकटी हे या अलार्मचं नेहमीचं कारण. म्हणून साफसफाई आणि ब्रशची तपासणी वेळेवर हवी.

साखर कारखान्यातला जनरेटर

आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत सहवीज प्रकल्प आहेत. तिथे सहसा ११ केव्हीचे जनरेटर असतात आणि एकाच बसवर जनरेटर, मोटारी, ट्रान्सफॉर्मर असं सगळं जोडलेलं असतं. अशा वेळी कोणत्या फीडरला फॉल्ट आहे हे कळायला थोडा जास्त करंट लागतो. म्हणून न्यूट्रलला एनजीआर, म्हणजे रेझिस्टर लावून अर्थ फॉल्टचा करंट काहीशे अँपिअरपर्यंत ठेवण्याची पद्धत आहे. फीडरसाठी हे सोयीचं. पण फॉल्ट जनरेटरच्याच आत झाला तर नुकसान थर्मलपेक्षा लवकर होतं. त्यामुळे तिथे रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्टसारखा जलद रिले आणि फील्ड लगेच तोडण्याची व्यवस्था चोख लागते.

दुसरी गोष्ट हंगामाची. गाळप संपलं की जनरेटर उन्हाळा-पावसाळा उभा राहतो. ओल वायंडिंगमध्ये शिरते, बगॅसची धूळ बसते. स्पेस हीटर बंद राहिले तर हंगामाच्या तोंडावर मेगरचं रीडिंग पडलेलं मिळतं. ‘मोळी टाकायची तारीख ठरलीय’ म्हणून तसाच संच सुरू करणं म्हणजे फॉल्टला आमंत्रण. हीटर पावसाळाभर चालू ठेवा, मेगर महिनाभर आधी घ्या, गरज असेल तर वायंडिंग वाळवून घ्या.

रिले उगाच पडला म्हणण्याआधी

संच पडला की सगळीकडून फोन सुरू होतात. वीज हवी असते आणि कुणीतरी म्हणतं, ‘रिले खोटा पडला असेल, रिसेट करून परत घ्या.’ कधी तो खोटा असतोही. पीटीचा फ्यूज गेला, वायरिंग सैल झालं, तरी रिले पडू शकतो. पण हे तपासल्याशिवाय कळत नाही.

साधारण क्रम असा असतो :

- रिलेचे फ्लॅग आणि आतली नोंद आधी उतरवून घ्या, मगच रिसेट करा.
- नोंदीत न्यूट्रलचा व्होल्टेज किती चढला ते बघा. त्यावरून फॉल्ट टोकाजवळ की न्यूट्रलजवळ याचा अंदाज येतो.
- पीटी, बस डक्ट आणि जनरेटर लिंक काढून वेगवेगळे तपासा. पावसाळ्यात बस डक्टमध्ये शिरलेलं पाणी हे नेहमीचं कारण आहे.
- मेगर घ्या. दहा मिनिटांचं रीडिंग भागिले एका मिनिटाचं रीडिंग म्हणजे पीआय. तो २ च्या वर असेल तर इन्सुलेशन सहसा कोरडं आणि स्वच्छ मानतात. आधीच्या रीडिंगशी तुलना जरूर करा.
- सगळं ठीक निघालं तर ग्रिडला न जोडता व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवा आणि न्यूट्रलवर लक्ष ठेवा.

ओव्हरहॉलनंतर आणखी एक चूक होते. काम करताना सुरक्षेसाठी लावलेली अर्थिंगची तार न्यूट्रलवर तशीच राहते किंवा न्यूट्रलची लिंक उघडी राहते. संच सुरळीत चालतो, लोडही घेतो. फक्त ५९एन रिले आंधळा झालेला असतो आणि फॉल्ट होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लावलेल्या प्रत्येक तारेची नोंद आणि काढल्याची सही हवीच.

रिले वारंवार पडतो म्हणून सेटिंग वाढवणं किंवा तो बंद करणं, हा उपाय नाही. पहिला फॉल्ट आधीच आत बसलेला असेल तर पुढचा हा दुसरा असेल. कंत्राटी कामगार असो की इंजिनिअर, असं सांगितलं गेलं तर लेखी आदेश मागा. सेटिंग बदलायची तर ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सूचना आणि केंद्राच्या टेस्टिंग विभागाची मंजुरी घेऊनच. आणि परमिट घेतल्याशिवाय, अर्थिंग झाल्याशिवाय कुठल्याही भागाला हात लावू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अर्थ फॉल्टमुळे संच पडला तर गावात लोडशेडिंग होतं का?*
लगेच होईलच असं नाही. ग्रिडला बाकी केंद्रांची वीज मिळते. पण मागणी जास्त असताना २५० मेगावॅट एकदम गेले तर ताण येतो.

*एकाच फेजमधले दोन वेढे आपसात शॉर्ट झाले तर हे रिले पकडतात का?*
नाही. करंट जमिनीकडे जात नसेल तर अर्थ फॉल्ट रिलेला काही कळत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण लागतं.

*घरच्या डिझेल जनरेटरला हे लागतं का?*
एवढं नाही. पण त्याची बॉडी आणि न्यूट्रल नीट अर्थ केलेले असावेत आणि पुढे ईएलसीबी असावा. माणसाचा जीव त्यानेच वाचतो.

थोडक्यात

- मोठ्या जनरेटरचा न्यूट्रल एनजीटी आणि रेझिस्टरमधून जमिनीला जोडतात. फॉल्टचा करंट साधारण ५ ते १५ अँपिअरच्या आत राहतो.
- डिफरन्शियल रिलेला हा फॉल्ट दिसत नाही, वेगळा रिले लागतो.
- न्यूट्रलचा व्होल्टेज रिले ९५ टक्के वायंडिंग सांभाळतो. उरलेल्या भागासाठी थर्ड हार्मोनिक किंवा २० हर्ट्झ इंजेक्शन.
- रोटरचा पहिला फॉल्ट म्हणजे इशारा, संच थांबवायची तयारी करा.
- रिले पडला तर आधी तपासा, मग चालू करा. काही तासांची वीज गेली तर भरून निघते, कोअर जळाला तर महिने जातात.